जावई झालेला डॉक्टर

प्रिय माय,

आज आपल्या गावच्या सरकारी दवाखान्यात नवीन डॉक्टर मॅडम आल्या. शाल झाली, नारळ झाला, फोटो झाले. मॅडम स्पष्टच म्हणाल्या, "मी बाँडवर आहे, शिक्षणानंतरची सक्तीची सरकारी सेवा, वर्षभरच." तरी लोकांनी टाळ्या वाजवल्या! मागून कुणीतरी विचारलंच, "मॅडमचं लगीन झालं का?" सगळे हसले. मला तिथं थांबवेना. घरी येऊन तुला लिहायला बसलो.

हा प्रश्न गावाला तूच शिकवलास ना? सुधीर डॉक्टर नवीन आले, तेव्हा तू त्यांना जेवायला बोलावलंस आणि भाकरी वाढता वाढता गाव, पाहुणे, सोयरे सगळं काढून घेतलंस. सोयरीक जुळण्यासारखी निघाली, तेव्हा काय फुलली होतीस! "इथला जावई झाला की मंग बदली घेऊन कुठं जातंय?" आणि माझी बहीण, आपली माया, तू त्यांना दिलीस. लेकीला चांगलं स्थळ मिळालं याच्यापेक्षा गावाला डॉक्टर मिळाला, याचाच तुला आनंद जास्त.

राहिले बिचारे काही वर्षं. क्वार्टर गळकं, नळाला पाणी नाही, सोबतीला दुसरा डॉक्टर नाही. शेवटी त्यांना इथून नेलं कुणी? आपल्याच मायानं! "माय, गावासाठी माझ्या लेकरांनी किती दिवस काढायचे?" असं तिनं विचारलं, तेव्हा तूच तिचं सामान बांधायला बसलीस. ते संभाजीनगरला गेले.

मग डॉक्टर येत राहिले, जात राहिले. मधे मधे खुर्ची रिकामीच. तुझी शुगर मात्र कायमची. प्रत्येक नवा डॉक्टर विचारायचा, कधीपासून आहे, गोळी कोणती, घरात कुणाला होती? सुरुवातीला सांगायचीस. मग कंटाळलीस. "दर टायमाला पहिल्यापासून कोण सांगत बसंल? मला न्हाई जमत." सुधीर डॉक्टरांनी लिहून दिलेल्या जुन्याच गोळ्या घेत राहिलीस.

आणि मग पायाला ती जखम झाली. जावई एका फोनवर होता ना गं! मला तरी का कळू दिलं नाहीस? पाय काळा पडल्यावर म्हणालीस, "ज्याचे पाय मी मांडवात धुतले, त्याच्या हातात माझा पाय देऊ काय?" गाडीत रस्ताभर लुगडं पायावर ओढून घेत होतीस. सुधीरराव हॉस्पिटलच्या दारातच उभे होते. त्यांनी तुझा पाय हातात घेतला, तेव्हा तू शुद्धीवर नव्हतीस; पुन्हा आलीच नाहीस.

मला तुझा राग येतो, माय. अजून येतो. गावाला डॉक्टर मिळावा म्हणून लेक दिलीस आणि स्वतःचाच डॉक्टर घालवून बसलीस!

आता माझीही शुगर निघाली आहे. सोमवारी मॅडमकडे जाईन. पोरगी चांगली वाटते, पण राहणार नाही. तिला राहा असं मी म्हणणारही नाही. कोणत्या तोंडानं म्हणू?

तुला एवढाच शब्द देतो. जो कोणी येईल, त्याला मी पहिल्यापासून सांगीन. कंटाळणार नाही. 'घरात कुणाला होती?' हे तर प्रत्येक जण विचारणारच. आईला होती, असं सांगीन. मग ते विचारतील, आता कशा आहेत? तेही दर वेळी सांगावं लागेल.

तुझाच,
भास्कर