भिजवलेल्या कुऱ्हाडी

२१ एप्रिल, सकाळी ६
आजपासून रोजनिशी रोज. ग्रामसभेने बांबूतोडीच्या कुऱ्हाडी तपासायचं काम मला दिलं. मागच्या महिन्यात एक पातं दांड्यातून सुटून झिंगूच्या गुडघ्यात रुतलं, म्हणून. लाल रंग म्हणजे बाद, हिरवा म्हणजे पास. छत्तीस वर्षं वह्या तपासल्या, कुऱ्हाडी काय चीज आहे! जमल्यास सुरक्षेवर खंडकाव्य.

दुपारी
वीस कुऱ्हाडी. प्रत्येक ओंडक्यावर भुजंगप्रयाताच्या ठेक्यात ठोकली. लगागा लगागा. तेरांची पाती दुसऱ्याच चरणात डुगडुगली. पहिली बाद दसरूची. हा माझा जुना विद्यार्थी, चौथीत कवितेत शून्य. म्हणाला, "मास्तर, लाल लावलं त याच कुऱ्हाडीनं तुमचं डोस्कं फोडतो. मंग पाहू पातं हालते का नाई."
लाल लावला नाही. भ्यालो म्हणून नव्हे. ब्रश वाळला होता.

२२ एप्रिल
टोळीची मुकादम कमळाबाई म्हणते, दांडे बदला, नवी पाचर ठोका. दोन दिवस काम बंद! त्यापेक्षा बाबांची युक्ती आठवली. पातं हललं की ते कुऱ्हाड पाण्याच्या टाक्यात बुडवत. ते गार पाणी, ते चिंचेखालचं टाकं... लिहिताना डोळे भरले. तेराही बुडवल्या.

२३ एप्रिल, सकाळी ७
लाकूड फुगलं, पाती घट्ट. अख्खं कडवं म्हटलं तरी हलेनात. वीसपैकी वीस पास. सगळ्यांना हिरवा.
कमळाबाईने विचारलं, "गुरुजी, वाळल्यावर का होईन?"
शंकेखोर स्वभाव. माझ्या वर्गात होती तेव्हापासूनच.

दुपारी २
ऊन त्रेचाळीस. अकराला पहिलं पातं माझ्या टोपीवरून सणाणत जाऊन सागात घुसलं. दुसऱ्याने पाण्याचा ड्रम फोडला. तिसरं दसरूच्या पायावर. चप्पल चिरली, पाचोळा लाल झाला, बोट चामडीवर लोंबत होतं. मी माझा शेला बांधला आणि धीर यावा म्हणून वीररसातलं काहीतरी सुरू केलं. दसरू ओरडत होता की आधी मास्तरला गप करा, मग मला उचला. कुरखेड्याच्या दवाखान्यात नेलं.

२४ एप्रिल
बोट गेलं. झोप नाही. तरी हिशेब केला, वीसपैकी सतरा टिकल्या. फर्स्ट क्लास.
संकल्प: दसरूला भेटायला जाणे. आज ऊन फार.

२५ एप्रिल
ऊन फार.

२७ एप्रिल
काठी टेकत गेलो. दसरू भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "बसा मास्तर. कविता नोका म्हनू." बसलो. नाही म्हटली.
येताना ग्रामसभा. रंगाचे डबे कमळाबाईला दिले. नव्या पिढीला चान्स मिळायला हवा. तिने वृत्त वगैरे काही नाही, नुसती पाचर पाहिली, पातं ओढलं. तेरा लाल. मग माझ्या काठीची मूठ ओढली. मूठ तिच्या हातात आली. तिने काठीलाही लाल लावला.

घरी भिंत धरधरून आलो. काठी टाक्यात बुडवली आहे. उद्या घट्ट होईल.