देवबागचा रस्ता आणि आमचा किनारा पक्ष

५ नोव्हेंबर १९६१, मालवण
किनारा पक्षाला आज सात वर्षं झाली. तात्या तांडेलांच्या माडाखाली सभा. माणसं वीसेक. अध्यक्ष तात्या, चिटणीस मी, झेंडे शिवणारे गणपत शिंपी खजिन्याला. मागणी तीच, पहिल्या दिवसाची: देवबागेपर्यंत रस्ता.
सात वर्षांपूर्वी देवबागच्या आवडू खारविणीची थोरली सून बाळंतपणात अडली. होडीतून मालवणला आणताना माझ्या मांडीवर गेली. मी सुईण, पण होडीत काय करणार. तिच्या बाराव्याला तात्यांनी पक्ष काढला. ‘लिवक येणारा कोण आसा?’ विचारलं. मी हात वर केला. विधवा बाई पुरुषांच्या सभेत, बसायला कुणी जागा देईना. तात्यांनी स्वतःखालचा पाट काढून मला दिला. एवढ्यावर माझं आयुष्य बदललं.

१६ जानेवारी १९६२
तात्यांना अर्धांगाचा झटका. उजवी बाजू गेली, जीभ जड. विधानसभेच्या निवडणुकीला तेच उभे राहणार होते. अर्जाला दोन दिवस उरलेत.
खाटेजवळ बोलावून म्हणाले, ‘बाय, तू उभी रव.’
‘माका मत कोण देतलो?’
‘अर्ध्या गावाक तूच जगात हाडलंस. इचारतंस काय?’
अर्ज भरला. सहीच्या जागी टाक टेकवून थांबले. कचेरीतल्या कारकुनाने शाई संपलीय की काय असं विचारलं.

४ फेब्रु.
प्रचार पायीच. गणपत पुढे झेंडा घेऊन, मी मागे. आमचा रस्त्याचा नकाशा सगळ्यांना दाखवते. तीन वर्षं दोरी धरून वाळू मोजली आहे आम्ही. कुणाचं कुंपण मागे जाईल, कुणाचे माड पडतील, सगळं त्यात आहे. सोबत प्रत्येक मालकाची जागा सोडायची संमती, सही नाहीतर अंगठा. सगळं एका दप्तरात बांधलेलं. एका म्हाताऱ्याने तीन माड सोडले नि वर शहाळं दिलं. अशी माणसं.

मतदानाचा दिवस, फेब्रु.
केंद्र तारकर्लीच्या शाळेत, माझं नावही तिथल्याच यादीत. देवबागच्या बायका वाळूतून चालत आल्या, आवडू पुढे. त्यांतली एक नऊ महिन्यांची गरोदर. घरीच राहा म्हणून मी निरोप धाडला होता, ऐकलं नाही. रांगेतच कळा सुरू. शेजारच्या घरात नेली. चार तास लागले. मुलगी. दोघी बऱ्या.
हात धुऊन शाळेत पोचले तर दार बंद. उमेदवाराचंच मत पडलं नाही.
तात्यांना सांगितलं. खुर्चीतून चौघांनी उचलून नेल्यावर त्यांनी मात्र मत दिलं होतं. तोंड वाकडं तरी पोटभर हसले. झटक्यानंतर पहिल्यांदा.

२ मार्च
हरलो. भाऊसाहेब वकील निवडून आले, मोठ्या पक्षाचे. देवबाग मात्र जवळजवळ सगळं आपल्यामागे. रडू आलं, पण हरल्याचं नव्हे.

१९ मार्च
भाऊसाहेब स्वतः घरी आले. चहा घेतला. म्हणाले, ‘बाई, जमीनमालकांच्या संमत्या तुमच्याकडे आहेत असं ऐकतो. त्या दिल्यात तर यंदाच मोजणी करवतो. नाहीतर मला पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल, त्यात पाच वर्षं जातील.’
विचारून सांगते म्हटलं.
गणपत भडकला. ‘ता दप्तर म्हणजेच आमचो पक्ष. दिलंस तर आमच्याकडे ऱ्हवला काय?’ खोटं नाही बोलला.
तात्यांनी डाव्या हाताने मला जवळ बोलावलं. मग, ‘पक्ष कित्याक काढललो?’ एवढंच.

२५ मार्च
चार दिवस देवबागेत. घरोघर जाऊन विचारलं. अंगठे त्यांचे, माझे नव्हेत.
आवडू जाळं शिवत होती. मान वर न करता म्हणाली, ‘माजो आंगठो मी तुका दिललो, वकिलाक नाय. पण तुका बरा वाटता तर दी गो.’
कुणीच नको म्हटलं नाही. इतका विश्वास. कसा फेडायचा?

२७ मार्च
दप्तर भाऊसाहेबांच्या हाती दिलं. पावती मागितली, त्यांनी दिली. गणपत आला नाही.

९ मे
सरकारी मोजणीवाले आले. साखळ्या, खुंट्या. आमच्याच नकाशावरून चाललेत. पेपरात बातमी, नाव भाऊसाहेबांचं. टोचलं. खोटं कशाला लिहू. पण खुंट्या खऱ्या आहेत, हात लावून बघितल्या.
गणपत दुरून पाहत उभा होता. जवळ आला नाही. निघूनही गेला नाही.

२० मे
उद्या सभा. विषय एकच, पक्ष ठेवायचा की मोडायचा. तात्या म्हणतात, तू सांगशील तसं. मोडावा असंच मनात येत होतं. काम झालं, मानाने थांबू. सगळ्यांचे आभार मानणारं चार ओळींचं भाषणही लिहून ठेवलं.
संध्याकाळी खाडीपलीकडचे दोघे आले, ओळखीचे नव्हेत. चपला बाहेर काढून उभेच राहिले. त्यांच्या गावात विहीर खारी झालीय, बायका पाण्यासाठी होडीने जातात.
‘बाय, तुमचो तो पक्ष आसा मां अजून?’
भाषणाचा कागद दुमडून बाजूला ठेवला. बसा म्हटलं, आणि पाणी आणायला आत गेले.