उजवा कोपरा कापू नकोस

ठाणें, रविवार, ता. १२ माहे फेब्रुवारी १८८८

चिरंजीव गिल्बर्ट यास निकोलसमामाचे पोटभर आशीर्वाद.

इकडे देवाच्या दयेने ठीक. तुझी आई सुझाना हिच्या गुडघ्याला तेल वरून खाली चोळावं, उलटं नव्हे, हे तिला सांग. माझी बहीण असून ऐकायची नाही, तरी सांग. मागल्या आठवड्यात सुकट पाठवली ती पोचली का, ते कळव.

तुझं पाकीट मंगळवारी मिळालं. तसबीर दुमडली नाही. तू लिहितोस, "मामा, ही मी स्वतः काचेवर घेतलेली पहिली तसबीर. तुम्ही रुळाची तसूभर तफावत लांबून ओळखता, तर हिच्यातले दोष काढा, भीड धरू नका. आमचे तसबीरवाले साहेब प्रदर्शनात लावणार आहेत." बरं बाबा, काढतो. शाळेत न गेलेला माणूस, ठेसनांच्या पाट्या वाचून अक्षरं शिकलो. तसबिरीतलं मला काय कळणार? पण पाच दिवस तिच्याकडेच बघतो आहे.

एक, इंजिनाने सगळी जागा खाल्ली आहे. डोंबिवलीच्या नव्या ठेसनापुढलं ते शेत केवढं मोठं, आणि तुझ्या तसबिरीत नुसतं आडवं पडलेलं इंजिन. दोन, बांधावरचे साहेब लोक लग्नाला उभे राहिल्यासारखे. तू त्यांना "हलू नका" म्हणालास ना? मग तसंच होणार. तीन, आमच्या टोळीची माणसं हलली, त्यांचा धूर झाला. मी कुठे आहे ते शोधलं. डबा उलटला आहे त्याच्याजवळ एक पुसट डाग दिसतो, तो मीच असणार. एका जागी पाय ठरत नव्हता.

हलला नाही तो एकटा दगडू. म्हणून तो सगळ्यांत स्वच्छ आला आहे. नखंसुद्धा मोजावीत. आणि त्याला तू उजव्या कोपऱ्यात टाकलास, ताटाच्या कडेला मीठ वाढावं तसा.

इथवर लिहून उठलो होतो. कोंबड्यांना दाणे घातले. सकाळी एकदा घातले होते, हे मागून आठवलं.

तू आणखी लिहितोस, "उजव्या कोपऱ्यात मयताच्या हाताशी फडक्यांचा पसारा आहे, एक मुठीत, एक लांबलचक मातीत. काळं नि काळं, काही समजत नाही, नजर अडखळते. साहेब म्हणतात कोपरा कापून टाक, चित्र मोकळं होईल."

गिल्बर्ट, तो कोपरा कापू नकोस.

का, ते सांगायला मला मागे जावं लागेल. अपघाताच्या दिवशी आम्ही एक रूळ काढला होता, नवा घालायचा म्हणून. वळणापलीकडे गाडी थोपवायला दगडूला उभा केला. त्याला बावटा मी दिला. मुकादम म्हणून ते माझंच काम. बावटा काठीला गुंडाळलेला, वर दोरी. गाडीची शिटी ऐकल्याशिवाय सोडायचा नाही, वाऱ्याने फाटतो, हे मीच त्याला शिकवलेलं. मालगाडी आली ती थांबली नाही. इंजिन शेतात गेलं, मागला डबा दगडूवर पडला. दुपारी तू तुझ्या साहेबाबरोबर तसबिरीची पेटी घेऊन आलास.

चौकशीत ड्रायव्हर म्हणाला, मला हिरवा बावटा दाखवला. दगडूच्या मुठीतला बावटा कोणाला सापडला नाही. मला विचारलं, "मुकादम, कोणता दिला होता?" मी म्हणालो, "लाल, साहेब." मग चौकशीच्या साहेबांनी असं धरलं की दगडू डुलक्या घेत होता, गडबडीत कुठला तरी हिरवा हलवला. आता येत्या गुरुवारी निकाल लिहितील. त्याच्या बायकोला, रखमाबाईला, चाळीतली खोली सोडायला सांगितलं आहे. विहिरीवर बायका तिला म्हणतात, "हिच्याच नवऱ्यानं गाडी पाडली." परवा तिची घागर कोणी उचलून बाजूला ठेवली.

बावटा सापडला नाही, कारण तो माझ्या पेटीत आहे. तू काच झाकून पेटी आवरत होतास तेव्हा मी तो त्याच्या मुठीतून सोडवला. तेव्हा मनात पाप नव्हतं. मुकादमाने सामान गोळा करावं, तसा घेतला. कोपऱ्यावरची गाठ बोटाला लागली, म्हणजे लालच, असं वाटून जपून ठेवला. मग ड्रायव्हरची जबानी ऐकली, आणि पेटी उघडायचा धीर होईना.

गाठीचं तुला माहीत नाही. तुझ्या सेसिलियामामीशिवाय कोणालाच माहीत नव्हतं. मला लाल आणि हिरवा वेगळा दिसत नाही. लहानपणापासूनच. पिकली मिरची, कच्ची मिरची, दोन्ही शेणकटच. रेल्वेत लागलो तेव्हा मामीने तोड काढली. प्रत्येक लाल बावट्याच्या कोपऱ्याला ती दोऱ्याची गाठ मारायची. "बोटांनी बघा," म्हणायची. तीस वर्षं मी बोटांनी बघितलं.

ती गेल्या पावसाळ्यात गेली, आणि जानेवारीत नवे बावटे आले. गाठ मी मारली, अंदाजाने. कोणाला विचारायला हवं होतं. एवढा मुकादम, कोणाला विचारू, की हा लाल का?

आज देवळातून मिस्सा करून आलो तर रखमाबाई ओट्यावर बसलेली. डोंबिवलीहून आली होती. म्हणाली, "मुकादम, ह्येंची तसबीर तुमच्यापाशी हाय म्हनं. एकवार दावा."

दाखवली. रडली नाही. पदराने कड पुसली आणि म्हणाली, "हे लांब काय पडलंय?"

"काय की. फडकं असेल."

"फडकं कशाचं! मुंडासं हाय ह्येंचं. तांबडं, गेल्या शिमग्याला मीच घेतलेलं कल्यानच्या बाजारात. हितं काळं का दिसतंय?"

"तसबिरीत रंग येत नाही, बाई. पडताना सुटलं असेल."

"आपसूक?" ती माझ्याकडे बघत राहिली. "कसं आवळायचे ते ठावं न्हाई तुम्हास्नी? सगळी टोळी हसायची की, दगडूचं डोस्कं निघंल पन मुंडासं निघायचं न्हाई म्हून."

हसायचो खरे. मीच जास्त.

मी उठलो, पेटी उघडली, बावटा काढून तिच्यापुढे धरला. म्हणालो, "रखमाबाई, हा कोणता रंग?"

"हिरवा. का वो, तुम्हास्नी दिसत न्हाई?"

"नाही," मी म्हणालो. "मला कधीच दिसला नाही. आणि हा मीच त्याला दिला."

ती तसबिरीवर बोट ठेवून हळूच म्हणाली, "म्हून डोईचं काढलं म्हना की." दगडूने बावटा सोडला तो हिरवा निघाला. गाडी समोर. रुळातून बाजूला व्हायचं सोडून त्याने डोक्याचं तांबडं ओढून काढलं आणि तेच हलवत उभा राहिला. तिला ते एका क्षणात समजलं. मी पाच दिवस भिंग लावून बघत होतो.

पाणी दिलं, घेतलं नाही. जाताना उंबऱ्यापाशी थांबून एवढंच विचारलं, "बेस्तरवारी सांगाल का साहेबाम्होरं?" मी हो म्हणालो. "बघू," म्हणाली आणि गेली.

तेव्हा गिल्बर्ट, माझं मत विचारतोस तर ऐक. तुझ्या तसबिरीत काही असेल तर त्या कोपऱ्यात आहे. बाकी सगळं कापलंस तरी चालेल. तुम्हां सगळ्यांना तिच्यात तांबडं-हिरवं जसं एकच दिसतं तसंच मला रोज दिसतं, म्हणून ती बघून मला आधी काही चुकल्यासारखं वाटलंच नाही.

प्रदर्शनाचं राहू दे. कोपऱ्यासकट एक तसबीर घेऊन गुरुवारी सकाळच्या गाडीने ये. मागे तुझ्या स्वच्छ अक्षरात लिही, मुठीतला बावटा हिरवा, मातीतलं मुंडासं तांबडं. माझ्या हातांनी ते लिहवत नाही. साहेब मला विचारतील, तीस वर्षं लपवलंस कसं. पण बावटा मी बगलेत घेऊन जाईन. जाताना वाट बदलावीशी वाटली, तर तू बरोबर असलेला बरा.

आईला हे तू सांगू नकोस. मी सांगेन.

तुझा, ज्याला रंग दुसऱ्याला विचारावा लागतो तो,
निकोलसमामा