क्लचमधली हवा

वीरधवल,
गाडी बाहेर काढू नकोस. क्लचचे दोन्ही सिलिंडर तू नवे टाकलेस, तरी पेडल खाली जाऊन बसतंय आणि गिअर पडत नाही. पाइपात हवा राहिली असणार. मेस्त्री आला की तू पेडल दाबून धर, तो हवा काढेल. क्लचच्या डबीतलं ब्रेक ऑइल संपू देऊ नका, नाहीतर परत हवा शिरेल.

आबांना डायलिसिसला शेजारच्या लालासाहेबांच्या गाडीतून सांगलीला नेतेय. आत्ता म्हणाले, "गाडी बंद पडली ते बरंच झालं. आता मला नेऊ नका. लय झालं." मी खाली बसून त्यांच्या पायात चपला घातल्या.

घरी आल्यावर ते गाडीचं विचारतील. झाली नसली तरी झाली म्हण.

ताई