खांबांचं पाणी

५ मार्च १९७३
नगरला पोचलो. पक्षाच्या नव्या जिल्हा कार्यालयाच्या बांधकामावर मी सुपरवायझर! इमारत पाहून छाती फुगली. गिलावा नाही, नक्षी नाही. नुसतं उघडं काँक्रीट, त्यावर साच्याच्या फळ्यांचे वणही तसेच ठेवलेले. खाली बारा खांब आणि सगळं मोकळं, वर सभागृह. पाडव्याला उद्घाटन झालं की मला खोली मिळणार आणि इंदू पुण्याहून येणार. लग्नाला तीन महिने झाले तरी मी आपला खानावळीतच.

८ मार्च
खांबांना गोणपाट गुंडाळून दिवसातून तीनदा पाणी मारायचं, नाहीतर काँक्रीट तडकतं. हे काम शेवगावच्या लंकाबाईंकडे. दुष्काळामुळे टँकर दिवसाआड येतो, तरी पहिला हंडा खांबांना, मगच बायका पितात. इथली रीतच तशी. मला हसू आलं.

११ मार्च
एक बाई उन्हानं चक्कर येऊन पडली. राहवलं नाही. आज आधी माणसं पितील असा हुकूम सोडला आणि पहिला तांब्या मीच तोंडाला लावला. खांब कोरडेच राहिले. लंकाबाई म्हणाल्या, "सायेब, खांबाचं पानी तुमी पिलं. आता त्यो तुमाला सोडायचा न्हाई." बाकीच्या बायकांनी माना खाली घातल्या.

१४ मार्च
पायात खिळा घुसलेला संध्याकाळी चप्पल काढताना दिसला. दुखलं नाही. रक्तही नाही, राखाडी भुकटी. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या.

१७ मार्च
राखाडी बधिरपणा गुडघ्यापर्यंत चढलाय. पोटऱ्यांवर फळ्यांचे वण उठलेत. घाबरायला हवं, पण घाबरता येत नाही. इंदूला येऊ नको म्हणून तार करायची, तर पोस्टापर्यंत चालता—

२० मार्च
खांबांच्या रांगेत उभाच आहे. लंकाबाईंनी मला पायापासून गोणपाट गुंडाळलं, पहिला हंडा ओतला. रडत होत्या. गार लागलं नाही. पक्षाचे सरचिटणीस रंगनाथराव पाहणीला आले. तेरावा खांब नकाशात कुठे होता, म्हणाले. मग म्हणाले, असू दे, आधार वाढला.

२३?
वही गोणपाटाच्या आत. हात अजून हलतो—
इंदू आलीय. पत्रं थांबली म्हणून. अहो, अहो करून हाका मारतेय. लंकाबाई तोंड फिरवून—
पिशवी माझ्या पायाशी ठेवली. दमली बिचारी. पाठ टेकली माझ्यावर—
कळत नाही. तिचं ओझंही कळत— इंदू, मी इथे, मा