मडगार्डाचं पोलकं

बाबा, तुझ्या मोटारसायकलला काल नवा दिवा बसवला. एलईडीचा, तळहाताएवढा, पण भर दुपारीही समोरच्याचे डोळे दिपावेत असा. वायरिंग नवं, बॅटरी बारा व्होल्टची, आरसे नवे. तुये औद्योगिक वसाहतीच्या फाटकासमोर कोल्हापूरकडच्या एका मिस्त्रीचं गॅरेज आहे, त्याच्याकडे गाडी महिनाभर होती. आपल्याकडे बापाला तू म्हणतात, म्हणून इथेही तूच म्हणतो. आयुष्यभर बातम्यांत 'ते म्हणाले', 'त्यांनी सांगितले' लिहीत आलो, आता ते नको.

याआधीचा दिवाही मीच बसवला होता. गोव्यात राजभाषेचं आंदोलन तापलेलं, मी पणजीला मराठी वर्तमानपत्रात नवा उपसंपादक आणि तू पेडण्याच्या बाजारात मोटारसायकल पायलट, मागे प्रवासी बसवून पोचवणारा. गाडी काळी, पुढचं मडगार्ड पिवळं. भाडं घेणारी गाडी लोक त्यावरूनच ओळखत. तुला ताप होता त्या आठवड्यात बस कधी असायच्या, कधी नसायच्या, म्हणून गाडी मी नेऊ लागलो. एका दुपारी एक गृहस्थ वाचकांच्या पत्रासाठी मजकूर घेऊन आले. मी तो वाचला, दोन ओळी काढायला सांगितल्या, त्यांनी मला तीनदा 'साहेब' म्हटलं. दहा मिनिटांनी मी खाली येऊन गाडी सुरू करतोय, तोच मागून खांद्यावर हात पडला. "पायलट, बसस्टँडार चल." तेच गृहस्थ. माझ्या तोंडाकडे त्यांनी पाहिलंच नाही, मडगार्ड पाहिलं आणि बसले. मी त्यांना नेऊन सोडलं.

त्या रविवारी मी म्हापशाहून सामान आणलं. जाळीचा मोठा हॅलोजन दिवा, रुंद हँडल, दोन आरसे, लांब सुराचा हॉर्न. आईला कारण सांगितलं की आमोण्याला मामाकडे जाताना खनिजाच्या ट्रकांची तांबडी धूळ इतकी असते, की बाबाचा मिणमिणता दिवा समोरच्याला दिसतच नाही. ते खोटं नव्हतं. पण त्या सामानात चकचकीत क्रोमचं एक मडगार्डही होतं, आणि धुळीचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. पिवळं मडगार्ड काढून मी लाकडांच्या मागे टाकलं.

सोमवारी तुझा ताप उतरला होता. तू गाडीभोवती एक फेरी मारलीस, हॉर्न वाजवलास. हॉर्न दाबला की दिवा मंदावत होता, त्याला हसलास आणि बाजारात गेलास. दुपारी परत आलास तो अंगणात उभा राहूनच बोललास.

"गाडी बरी केल्या रे. पूण सकाळसून उबो आसां, कोणाक दिसूंक ना."

मी पेपर चाळत होतो, तो चाळतच राहिलो.

"मडगाडान तुजें कितें केल्लें?"

"गंजलेलें," मी म्हटलं.

तू लाकडांमागून मडगार्ड आणलंस. उन्हात धरून आधी वरून, मग आतून पाहिलंस. कुठे गंज नव्हता. मला वाटलं, आता बोलशील. तू पाना घेतलास, क्रोमचं काढलंस, पिवळं बसवलंस आणि हात धुऊन जेवायला गेलास. दिवा, हँडल, आरसे राहू दिलेस. त्या विषयावर तू पुन्हा कधी बोलला नाहीस, आणि गोव्याला घटक राज्याचा दर्जा मिळाला त्याच्या दुसऱ्या पावसाळ्यात तू गेलास. एवढ्या वर्षांत मी तुझे हात आठवले की ते मडगार्ड उलटंसुलटं करून पाहतानाच आठवायचे. पोराला आपली लाज वाटते, हे तुला त्या दिवशी कळलं आणि ते मनात ठेवूनच तू गेलास, असं मी धरून चाललो होतो.

परवा मिस्त्रीने गाडीच्या बाजूचा हत्यारांचा डबा उघडला. आतून काळ्या कापडाची गुंडाळी निघाली. त्या गुंडाळीने तो हात पुसणार, इतक्यात त्याला नाड्या दिसल्या. "साहेब, ही टोपी कुणाची म्हणायची?" म्हणत त्याने ती आधी स्वतःच्या डोक्याला लावून पाहिली, मग काय वाटलं कोण जाणे, पुढच्या मडगार्डावर ओढली. चपखल बसली. चार नाड्या खाली बांधल्या की पिवळा रंग तसूभर दिसेना. छत्रीचं कापड, कडेला दुहेरी शिलाई. ती शिलाई मी माझ्या शाळेच्या सदऱ्यांवर पाहिली आहे, आईच्या हातची.

घरी येऊन ते कापड आईसमोर धरलं. ती आता ऐंशीच्या पुढे आहे, पण ओळखायला क्षणही लागला नाही.

"अरे, हें पोलकें खंय मेळ्ळें तुका? आमोण्यां वतना मडगाडाक घालताले. तुजो मामा पाळीच्या खाणीर क्लार्क न्ही? ताच्या दारांत हळदुवी गाडी उबी करूंक लज दिसताली तांकां."

म्हणजे मामाच्या दारात पिवळी गाडी उभी करायची तुलाही लाज वाटायची. मग विचारलं, त्या सोमवारी बाबा काय म्हणाला?

"जेवतना हांसताले. म्हणाले, तुजो पूत बेगीन थकलो. पोलकें शिंवचेपरस मडगाडच काडून उडयलें ताणें!" पोलकं शिवायचं सोडून पोराने मडगार्डच काढून फेकलं, हे सांगता सांगता ती स्वतःच इतकी हसली, की मला पाणी आणून द्यावं लागलं.

बाबा, मी आत जाऊन बसलो. पाठीवर कित्येक वर्षं असलेलं ओझं कुणीतरी उतरवून घ्यावं, तसं वाटलं. तुला कळलं होतं, ते बरोबर. पण तू तेव्हा पोराची लाज पाहत नव्हतास, तुझीच पाहत होतास, आणि तुला हसू येत होतं. हे तू मला तेव्हाच सांगायला हवं होतंस. मीही सांगायला हवं होतं. आता सांगतो: गंजलं नव्हतं.

मिस्त्रीने मडगार्डाचा रंग विचारला. मी पिवळा म्हटलं. "लोक हात दाखवत्याल बघा, साहेब." दाखवू देत म्हटलं, आणि त्या वेळी अगदी मनापासून म्हटलं.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून शेवटचंही लिहून टाकतो. येत्या रविवारी आमोण्याला जायचं आहे. मामेभावाने नवं घर बांधलं आहे, दारात दोन मोटारी असतात. तुझं ते कापड मी धुऊन वाळत घातलं आहे. डब्यात ठेवून नेणार आहे. बांधणार नाही, असं काही सांगत नाही.