भोपळ्याचं सूप

प्रिय धाकटे,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तू चक्रावशील. रोज सकाळी फोनवर तुझं डोकं खाणाऱ्या ताईला पत्र लिहायची अवदसा कुठून आठवली, असं वाटेल तुला. फोनवर मला हे जमलं नसतं. मी दोन वाक्यं बोलले की तू 'जाऊ दे गं ताई' म्हणतेस, आणि मी लगेच जाऊ देते. गेल्या वर्षभरात असं तीनदा झालं. म्हणून आज सकाळचं सगळं आवरून पेन घेऊन बसले आहे. चहा करून घे आणि एका बैठकीत वाच.

आधी घरचं सांगते. आमच्या ह्यांचा गुडघा आता बरा आहे, जिना चढताना तेवढे कठड्याशी भांडतात. माझा शनिवारचा स्वयंपाकाचा वर्ग बंद केल्याचं तुला सांगितलं होतं आणि त्याला पाठदुखीचं कारण दिलं होतं. पाठ ठणठणीत आहे. झालं असं की, शेवटच्या वर्गाला आम्ही दमून आल्यावर वीस मिनिटांत होणाऱ्या गोष्टी करत होतो. एका भांड्यातला मटार-भात, लिंबू-मिऱ्याचे बटाटे, असलंच आपलं रोजचं. हात पुसता पुसता ती बँकेतली उंच बाई म्हणाली, "सुट्टीत माझ्याकडे बारा माणसं जेवायला आहेत. तुमचं ते भोपळ्याचं सूप एकदा शिकवाच." मी म्हटलं, सध्या भोपळे चांगले येत नाहीत. ओट्याच्या कोपऱ्यात दोन चांगले लालभडक भोपळे बसले होते. सहाही जणींनी आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पुढच्या शनिवारी मी दारावरची पाटी काढली.

ते सूप मी कधीच कुणाला शिकवलं नाही, तुलासुद्धा नाही. इतकं दाट आणि मऊ कसं होतं असं कुणी विचारलं की मी म्हणायची, "दूध आणि धीर." लोक हसायचे. मला ते हसणं आवडायचं. तुला खरं सांगू? मला लोकांनी माझं जेवण वाखाणलेलं फार आवडतं, लहानपणापासून. आई गिरणीत पाळीवर जायची, दादा मैदानावर उंडारायचा, आणि मी बारा वर्षांची, स्टुलावर उभी राहून तुझ्यासाठी भात टाकायची. तू दुसऱ्या कुणाच्या हातचा घास घ्यायची नाहीस. शेजारच्या काकूंनी एकदा तुला शिरा भरवायचा प्रयत्न केला, तर तू तोंड घट्ट मिटून माझ्याकडे बघत बसलीस. त्या दिवशी मी जी फुगले, ती पुढे चाळीस वर्षं फुगलेलीच राहिले.

पुढे तुला चिमणी झाली. दोन वर्षांची असताना तिनं बदामाचं बिस्किट खाल्लं आणि तिचे ओठ सुजून फुग्यासारखे झाले. तेव्हापासून तू तिच्यासाठी सगळीकडे वेगळा डबा न्यायला लागलीस. माझ्याकडेही. तुझं बरोबर होतं, आई म्हणून दुसरं काय करणार होतीस? पण दर वेळी तू तो डबा माझ्या टेबलावर ठेवलास की मला आतून काहीतरी टोचायचं. माझ्या घरी, माझ्या जेवणाच्या टेबलावर, माझ्याच भाचीला बाहेरचा डबा. मी ह्यांच्यापाशी कुरकुर करायची, "आमच्या वेळी मुलांना असलं काही व्हायचं नाही." हे पेपर वाचत म्हणायचे, "आमच्या वेळी काय व्हायचं ते कळायचंच नाही." मी त्यांचं ऐकलं नाही.

गेल्या वर्षी सुट्टीतल्या जेवणाच्या आठवडाभर आधी तू फोन केलास. म्हणालीस, चिमणी आता आठ वर्षांची झाली, तिला सगळ्यांसारखं ताटलीत वाढून हवं असतं, डब्याची तिला लाज वाटते. "ताई, या वेळी डबा आणत नाही. तू बदाम, अक्रोड काही घालणार नाहीस ना?" मी म्हटलं, "वेडी आहेस का? नाव नको काढूस." आणि धाकटे, त्या क्षणी मी मनापासून म्हटलं होतं. एवढं तरी माझ्या पदरात टाक.

त्या दिवशी सकाळी मी सूप केलं. भोपळा भाजला, कांदा परतला, दूध घातलं. चव पाहिली तर ते पाणचट लागलं. मी पुन्हा आटवलं, लोणी वाढवलं, जायफळ किसलं. तरी माझं सूप लागेना. तासाभरात तेरा माणसं येणार होती. वहिनी तिचे दोन केक घेऊन निघाल्याचा दादाचा फोन येऊन गेला होता. तिच्या केकचं कौतुक होणार आणि माझं सूप लोक मुकाट्यानं पिणार, हेही माझ्या डोक्यात आलं. लपवत नाही. फ्रीजमध्ये वाटलेल्या बदामांची बरणी होती. ते दूध आणि धीर म्हणजे ही बरणी होती. एवढ्या मोठ्या पातेल्यात दोन चमचे, कुणाला कळणार, असं म्हणून मी दोन चमचे घातले. ढवळलं. चव पाहिली. सूप झालं होतं.

पुढचं तू पाहिलंस, पण तुला दिसलं नाही ते मी सांगते. चिमणीनं सूप संपवलं आणि सगळ्यांसमोर दुसऱ्यांदा मागितलं. मी वाढलं. माझ्या हातानं वाढलं. मग मुलं केकवर तुटून पडली. जरा वेळानं ती गळा खाजवत तुझ्याजवळ आली, तिचा आवाज घोगरा झाला होता. तू पर्समधून तिचं ॲलर्जीचं इंजेक्शन काढलंस आणि माझ्याकडे वळून विचारलंस, "ताई, सूपमध्ये काही होतं का?" टेबलाभोवतीचे सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "काही नव्हतं." तू थांबलीस. केकचा तुकडा घशात अडकला असेल म्हणून तू तिला पाणी पाजलंस, पाठीवर थोपटलंस. इंजेक्शन तुझ्या हातात तसंच राहिलं. तिचे ओठ निळसर होईपर्यंत किती मिनिटं गेली ते मला माहीत आहे, समोरच्या भिंतीवर घड्याळ होतं. चार. तुझ्या नवऱ्यानं ओरडून सांगितल्यावर तू सुई टोचलीस. ती चार मिनिटं तू स्वतःच्या माथी मारून घेतली आहेस, हे मला तुझ्या बोलण्यातून कळतं. ती तुझी नव्हेत.

दवाखान्याच्या बाकावर तू रडत म्हणालीस, "मग तिच्या पोटात हे गेलं कुठून?" डॉक्टर आत होते. तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं. वहिनी माझ्या शेजारी बसली होती. तिनं एक केक अक्रोडाचा केला होता आणि एक मुद्दाम चिमणीसाठी साधा, संत्र्याचा. मी म्हटलं, "दोन्ही केक एकाच सुरीनं कापले असतील." एवढंच. आवाजसुद्धा चढवला नाही. वहिनी पांढरीफटक पडली. म्हणाली, "मी वेगळी सुरी घेतली होती बहुतेक." त्या 'बहुतेक'वर तू तिच्याकडे जे पाहिलंस, ते मी विसरलेले नाही. चिमणी तिसऱ्या दिवशी घरी आली, आणि त्या दिवसापासून तू वहिनीशी बोलली नाहीस. दादा मध्ये अडकला. या वर्षी सुट्टीत कुणीच कुणाकडे गेलं नाही.

मी स्वतःला सांगत राहिले की मूल वाचलं, आता उगाच कशाला. ह्यांनाही सांगितलं नाही. बरणी धुऊन रद्दीवाल्याला दिली. रोज तुला फोन करत राहिले, चिमणी काय जेवली ते विचारत राहिले, आणि तू मला वर्णनं सांगत राहिलीस. कधी कधी तू म्हणायचीस, "तू होतीस म्हणून त्या दिवशी मी उभी राहिले." फोन ठेवल्यावर मी मोरीत जाऊन तोंड धुवायची.

परवा रविवारी मी वहिनीकडे गेले. तिच्या स्वयंपाकघरात पाय ठेवला आणि ओळखूच येईना. केकचे साचे नाहीत, ओव्हनवर कापडाचे तागे रचलेले. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, बसायचा धीर झाला नाही. ती निवडत असलेली भाजी निवडत राहिली. मग म्हणाली, "त्या दिवशी घरी येऊन मी सगळ्या सुऱ्या काढून बघितल्या. किती सुऱ्या धुतलेल्या होत्या ते मोजलं. मला आठवेचना, ताई. मैदा टाकून दिला. साचे टाकून दिले. वर्षभर मी स्वतःला विचारतेय की मी असं कसं केलं." थोड्या वेळानं तिनं विचारलं, "तुम्हाला माझं तोंड बघून एकदाही वाटलं नाही?" मी म्हटलं, वाटलं, म्हणूनच बघायचं टाळत होते. तिनं मला जा म्हटलं नाही. चहाही विचारला नाही. दादा दारात उभा राहून ऐकत होता. त्यानं फक्त माझी चप्पल सरळ करून ठेवली, आणि मी निघाले. ह्यांना मी त्याच संध्याकाळी सांगितलं. ते म्हणाले, "धाकटीला ऑपरेशननंतर सांग." मला तेवढी उसंत नाही, धाकटे.

कारण गुरुवारी तुझा निरोप आला. तुझं ऑपरेशन पुढच्या महिन्यात ठरलं, मग दीड महिना अंथरूण. आणि त्यात तू लिहिलंस, "चिमणीला तुझ्याकडे ठेवते. इतर कुणाच्या हातचं मी तिला देणार नाही, वहिनीकडे तर पाऊलही नको. तुझ्या स्वयंपाकघरात मला बघावंही लागत नाही." मी 'बरं' एवढंच लिहिलं आणि चार दिवस मला अन्न गेलं नाही. तिला माझ्याकडे पाठवू नकोस. आता मी बदामाला शिवणारही नाही, पण ज्या माणसानं ती चार मिनिटं घड्याळाकडे बघत घालवली, त्याच्याकडे लेकरू ठेवायचं का, हे तू सगळं कळल्यावर ठरवायला हवंस, म्हणून हे पत्र. रविवारी निघताना मी वहिनीला दारातूनच विचारलं होतं, चिमणीला ठेवून घेशील का. ती म्हणाली, "धाकटीनं स्वतः फोन केला तर." तिचा नंबर बदललाय, वर्षभरात तुला त्याची गरज पडली नाही. पाकिटाच्या आतल्या बाजूला लिहिला आहे. माझा फोन उद्या सकाळी येणार नाही. तू करशील तेव्हाच बोलू, आणि नाही केलास तरी मी समजेन.

तुझीच, अजून म्हणू देत असशील तर,
ताई